क्लिपवरचा ओरखडा

गल्लीने त्यांचं नाव चकचककाकू पाडलं होतं, आणि गंमत म्हणजे नुसत्या चकचकाटाचा काकूंना मनस्वी तिटकारा. घड्याळाच्या डब्या आणि चेना घासूनपुसून नव्यासारख्या करून देण्याचं काम त्या पस्तीस वर्षं करत होत्या. घरच्या बाल्कनीत, एका डगमगत्या टेबलावर. टेबलावर छोटी मोटर, मोटरला कापडी चाक, शेजारी पॉलिश पेपरचे तुकडे.

"आरसा काय, कुणीही करील," त्या म्हणत. "चमक हवी तिथे चमक, बारीक रेघा हव्यात तिथे रेघा, आणि दोन्हींच्या मधली कड नखाला लागली पाहिजे. नाहीतर तो साबण!"

जास्त घासून कडा गेलेल्या घड्याळाला त्या साबण म्हणत. असा एक साबण टेबलावरच्या खिळ्याला टांगलेला होता. त्यांच्याच हातचा, पहिल्या वर्षातला. सासऱ्यांचं घड्याळ होतं ते. तेव्हापासून सासरे वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघायला लागले.

आता चिरंजीवांचा डोळा त्या टेबलावर होता. म्हणजे टेबलाच्या जागेवर. सूनबाईंचं कपडे धुण्याचं नवं मशीन तिथे चपखल बसत होतं. टेपने मोजूनसुद्धा झालं होतं.

"आई, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय तुझं. आता पुरे."

"ऑपरेशन दिसावं म्हणून करतात की दिसू नये म्हणून?"

"उद्या कुणाचं काम बिघडवलंस म्हणजे?"

"बिघडलं तर टेबल मी स्वतः उचलून देईन. तोवर हात लावशील तर खबरदार!"

पुढच्याच आठवड्यात कोपऱ्यावरचे घड्याळजी आले. काकूंना काम त्यांच्याच दुकानातून येई. आतलं यंत्र काढलेलं, नुसती डबी आणि चेन त्यांनी टेबलावर ठेवली. "गिऱ्हाईक जरा चिकित्सक आहे हो, वहिनी," म्हणाले आणि चहा न घेताच निघाले. हा माणूस चहा सोडून गेला, तिथेच काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि डबीवरून नख फिरवलं. रेघा किंचित डावीकडे कललेल्या. उजवा अंगठा एकदा दारात चेमटल्यापासून काकूंच्या रेघा अशाच पडत. काम त्यांच्याच हातचं. मग चेनीची क्लिप चाचपली. तिच्यावर एक खोल ओरखडा.

"अस्सं होय!" काकू म्हणाल्या.

चमकीच्या भागावर चिकटपट्टी लावून त्यांनी रेघा ओढल्या. एकाच दिशेने, पेपर मागे फिरवायचा नाही. मग पट्टी रेघांवर चढवली आणि बाजू चाकावर धरल्या. चेनीची एकेक कडी केली. ओरखड्याला मात्र हातही लावला नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी चिरंजीव टेप घेऊनच बाल्कनीत आले. सूनबाईंनी टेबलाचा एक कोपरा धरलासुद्धा.

"आई, वाईट वाटून घेऊ नकोस. पण गिऱ्हाईक नाराज आहे. क्लिपवर एवढा मोठा ओरखडा राहिला. दिसला नाही ना तुला?"

"गिऱ्हाईक तुला कुठे भेटलं?"

"म्हणजे... घड्याळजी म्हणाले."

"बरं. बाही वर कर."

चिरंजीवांनी झटकन डाव्या मनगटावर हात ठेवला. जन्माची सवय, दुकानातून येताना तेच घड्याळ हातात घालून आले होते.

"लग्नाच्या आठवड्यात स्कूटरवरून आपटलास," काकू म्हणाल्या. "मला म्हणालास, छे, पडलो कुठे? घड्याळाने सगळं सांगितलं. तो ओरखडा मी तेव्हाही काढला नव्हता. एवढं खोल घासायचं तर क्लिप कागदासारखी होईल, आणि एक दिवस घड्याळ जाईल गटारात. दिसला म्हणूनच ठेवलाय, कळलं?"

सूनबाईंनी टेबलाचा कोपरा सोडला. "स्कूटरवरून? अहो, मांडवात लंगडत होतात तेव्हा मला म्हणालात, नवा बूट चावतोय!"

"तिला काय ते नंतर सांग," काकू म्हणाल्या. "आता टेप आणलीच आहेस, तर तुमच्या खोलीतल्या कपाटाची जागा मोज. मशीन तिथे बसेल."

चिरंजीव काहीतरी म्हणाले. पण काकूंनी मोटर सुरू केली होती.