भटजींच्या पिशवीतलं नाणं

माझ्या नाण्यांच्या संग्रहाला आजवर एकच बक्षीस मिळालंय, आणि ते संग्रहात नसलेल्या नाण्याला मिळालंय.

मी भातसानगरला, धरणाच्या ऑफिसात. काम असं की कौतुकाचा प्रश्नच येत नाही. पाणी मुंबई पिते आणि शिव्या आम्ही खातो! म्हणून मी स्वतःच स्वतःचं कौतुक करून घ्यायला स्मारक नाणी जमवू लागलो. थोर पुरुषांची, किल्ल्यांची, जुन्या देवळांची. सरकारी टाकसाळीतून येतात, बाजारात चालत नाहीत. (सुनंदा, म्हणजे आमची बायको, म्हणते, "तुमच्यासारखीच आहेत हो!") प्रत्येक नाणं गोल पारदर्शक डबीत, आणि डबी उघडायची तर हातात पांढरे मोजे. बोटाचा डाग पडला की नाण्याची इज्जत गेली. माझे ते मोजे बघून शेजारी विचारायचे, "साहेब, ऑपरेशन कोणाचं?"

त्यात एक नाणं म्हणजे माझा जीव की प्राण. चांदीचं! एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला महाराज. रविवारी शहापूरच्या एका शाळेत नाण्यांचं प्रदर्शन होतं आणि त्या महाराजांच्या जोरावर दरवाजासमोरचं पहिलं टेबल मी मागून घेतलं होतं. मागून कसलं, भांडून! संयोजक एक निवृत्त हेडमास्तर. त्यांना मी छातीठोक सांगितलं होतं, "सर, असं नाणं तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे निघालं तर मिशी उतरवीन." ऑफिसात, चहाच्या टपरीवर, केस कापणाऱ्याकडे, सगळीकडे सांगून झालं होतं. म्हणजे त्या रविवारी माझी अब्रू आणि मिशी, दोन्ही त्या डबीत होत्या.

गुरुवारी घरी सत्यनारायण. मुरबाडचे भटजी आले, केळीचे खांब लागले, चौरंग सजला. मी सोवळं नेसून पूजेला बसलो. उदबत्तीच्या धुराने डोळे चुरचुरायला लागले म्हणून चष्मा काढून ठेवला. भटजी म्हणाले, "पान ठेवा, त्यावर सुपारी, त्यावर नाणं." आई मागून एकेक नाणं हातात देत होती आणि मी ठेवत होतो. छान चकाकत होती. मी मनात म्हटलं, आईने काय नाणी शोधून आणलीत, वा! एक नाणं जरा जड लागलं, तर ते कलशापुढे ठेवून वर नमस्कारसुद्धा केला. प्रसाद खाताना पाव्हण्यांना मी बोटाचा डाग आणि पांढरे मोजे यावर भाषणही दिलं. तोपर्यंत भटजी पानावरची नाणी पिशवीत टाकून मुरबाडच्या एस्टीत बसले होते.

शुक्रवारी सकाळी कपाट उघडलं. डब्या होत्या. नाणी नव्हती!

"आई!"

"काय रे बोंबलतो?"

"माझी नाणी कुठायत?"

"पूजेला घेतली. घरात एक सुटा रुपाया नाय! तुमी सगळे त्या मोबाईलवर टिकटिक करून पैसे देता. मंग देवाला काय मोबाईलवर पाठवू?"

"अगं, पण डब्या उघडल्यास कशा?"

"विळीच्या टोकानं. काय घट्ट रे त्या! आणि वरून घाण झालेली, म्हणून चिंच लावून काथ्यानं घासली. कशी लख्ख झाली व्हती!"

काथ्याने! ज्या नाण्याला मी श्वाससुद्धा लागू देत नव्हतो, त्याला आईने पितळेच्या घंगाळासारखं घासलं होतं. सुनंदा म्हणाली, "अहो, पण ठेवलीत तर तुम्हीच ना पानावर? नमस्कार पण केलात." (बायकोची स्मरणशक्ती नको तिथेच कशी चालते, देव जाणे.)

भटजींना फोन लावला.

"आहेत, आहेत, पिशवीतच आहेत," भटजी म्हणाले. "फक्त ते मोठं नाही. इथे वैशाखऱ्याला पायाभरणीला आलोय. यजमानांकडे चांदीचं नाणं नव्हतं, म्हटलं हेच शोभेल. तांब्यात घालून खड्ड्यात ठेवलंय. अकराचा मुहूर्त गाठायचाय, मग काँक्रीट पडेलच."

"भटजी, थांबवा! मी येतोय!"

तशीच मोटरसायकल काढली. अंगात ऑफिसचा शर्ट, गळ्यात धरणाचं ओळखपत्र, खिशात पांढरे मोजे. शहापूर गेलं, मुरबाड गेलं, वाटेत एक म्हैस आडवी आली तिला मी हात जोडले. वैशाखऱ्यात शिरलो तर रस्त्यालगत मिक्सर घरघरतोय, खड्ड्याभोवती अख्खं गाव. मी गाडीवरूनच ओरडलो, "थांबा! काम थांबवा!"

मिक्सर बंद झाला. माणसं वळली. कोणाची तरी नजर माझ्या ओळखपत्रावर गेली.

"धरणवाला आलाय गो! मोजणीला आलाय!"

झालं! बायकांनी डोक्याला हात लावले. घराचे मालक धर्मादादा, पांढऱ्या मिशांचा धिप्पाड माणूस, फावडं घेऊनच पुढे आले. "कुठलं धरण? आमी कागद दिला नाय, सही केली नाय. आमचं घर पाण्यात घालता काय?"

"नाही हो दादा, धरण नाही! माझं नाणं आहे खाली. तेवढं काढून घेतो आणि जातो." असं म्हणून मी खिशातून मोजे काढले आणि घातले. ते बघून पुढची पोरं चार पावलं मागे सरली. एक म्हणाला, "बॉम्बवाला हाय!"

भटजींनी मध्ये पडून सगळा प्रकार सांगितला. धर्मादादांनी फावडं टेकवलं. तेवढ्यात त्यांची म्हातारी आई काठी टेकत आली आणि मला खालपासून वर बघून म्हणाली, "देवाला वाह्यलेलं माघारी मागतो? पायातलं काढलं तर माझं घर उभं राहील काय रे बाबा? आयुष्य कुडात काढलं मी. आता कुठं पक्कं घर होतंय."

खड्ड्यात वाकून बघितलं. हळदीकुंकवाने माखलेला तांब्या, त्यात माझे महाराज. हात घातला असता तर सहज निघाले असते. पण म्हातारी बघत होती आणि मला खरोखरच लाज वाटली. मी म्हटलं, "राहू द्या आजी. तुमच्याच घराला पावो."

इथवर ठीक होतं. पण धर्मादादा इतके खूश झाले की त्यांनी आरोळी ठोकली, "साहेबांचं नाणं, तर पहिलं घमेलं साहेबांच्या हातनं!" टाळ्या पडल्या, मोबाईल वर झाले. आणि मी पांढरे मोजे घालून, हसत हसत, माझ्या जिवाभावाच्या नाण्यावर स्वतःच्या हाताने घमेलंभर काँक्रीट ओतलं. वर नारळही मीच फोडला!

रविवारी टेबल तर मांडायलाच हवं होतं. भटजींनी बाकीची नाणी परत दिली होती, पण काथ्याच्या ओरखड्यांनी थोर पुरुषांचे चेहरे मांजराने बोचकारल्यासारखे झाले होते. मधोमध मी रिकामी डबी ठेवली आणि शेजारी चिठ्ठी लावली: 'हे नाणं सध्या वैशाखरे येथे एक घर सांभाळत आहे.' आईने डबीला हळदकुंकू वाहून टाकलं. लोक हसतील म्हणून मी टेबलाच्या आड खुर्ची घेऊन बसलो.

तर काय, भटजींनी प्रदर्शनाचं सांगितलं म्हणून टेम्पो भरून वैशाखरे आलं! म्हातारी डबीपुढे वाकली, मग पाठचे वाकले, मग ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं तेही वाकले. दारापर्यंत रांग लागली. एका बाईने पाकीट चाचपलं आणि मला विचारलं, "दादा, सुटे नायत. देवाचा स्कॅनर कुठं लावलाय?"

शेवटी हेडमास्तरांनी रिकाम्या डबीला 'उत्कृष्ट मांडणी'चं दुसरं बक्षीस दिलं. मिशी वाचली, कारण तसं नाणं तालुक्यात कोणाकडेच नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं!

घरी आल्यावर आईने ते प्रमाणपत्र उलटंसुलटं करून बघितलं, मग उरलेल्या डब्यांवरून नजर फिरवली आणि हळूच म्हणाली, "दिनू, एक गेलं तर दुसरा नंबर आला. भटजींना विचार, अजून कुठं पायाभरणी हाय काय. पुढल्या वर्षी पहिला आणू!"