पयले उलटा फिरव

चुडीवाल्या काकूंच्या दुकानात बांगडी कधी मिळाली नाही आणि त्यांच्या हातातही कुणाला दिसली नाही. पुलगावात कापडाच्या दुकानांची ओळ संपते तिथे त्यांचा लोखंड कातायचा लेथ होता. वर पत्र्यावर लाल रंगात लिहिलेलं होतं : येथे सर्व प्रकारची चुडी बसवून मिळेल. नटबोल्टच्या आट्यांना आमच्याकडे चुडी म्हणतात, पण लग्नसराईत खेड्यातून आलेल्या बायांना हे कोण सांगणार? एकदा मी तिथे बसलेलो असताना एक बाई होणाऱ्या सुनेला घेऊन आत शिरली आणि पोरीचा हात पुढे करून म्हणाली, "हिरव्या दाखवा." काकूंनी तो हात उलटासुलटा करून पाहिला. "नाजूक हाय, पन पान्हा धरता येईन. उद्यापासून पाठवता काय?" बाई पोरीला ओढतच बाहेर पडली. मी म्हणालो, काकू, पाटी बदला. तर त्या माझ्यावरच उखडल्या. "काऊन बदलू? मी काय खोटं लिवलं?"

बांगड्या त्यांनी स्वतः उतरवल्या होत्या, आणि त्याही नवरा जिवंत असताना. तो गिरणीत टर्नर होता. गिरणीतली नोकरी सुटल्यावर त्याने घरच्या जागेत लेथ टाकला आणि काकू मदतीला उभ्या राहिल्या. फिरत्या लेथपाशी हातात बांगडी घालून उभं राहणं म्हणजे मनगटच त्याच्या हवाली करणं. गल्लीतल्या बायांनी तोंडाला पदर लावले, काय काय बोलल्या. पुढे नवरा गेला तेव्हा त्याच बाया बांगड्या फोडायला आल्या आणि एका म्हातारीने काकूंचे दोन्ही हात धरून चाचपून पाहिले. काकू म्हणाल्या, "काय फोडता आता? मी कवाच्याच काढून ठेवल्या." दुसरं कुणी आपल्या लग्नातल्या पंगतीबद्दल सांगेल तितक्या चवीने त्या हे सांगत.

तेरवीच्या जेवणातच दिराने सुचवलं की मशीन विकून टाकावी, दुकानाचा गाळा भाड्याने द्यावा आणि वहिनीने घरी बसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी शटर वर केलं. त्या दिवशी दिराला दिलेलं उत्तर पुढे त्यांची म्हणच होऊन बसली. कुणीही मोडकं काही घेऊन आलं की आधी हेच ऐकावं लागे. "चुडी गेली म्हनून भंगार झालं काय? चुडी जाते. लोखंड नाई जात."

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझंही भंगारच झालं होतं. ट्रकने उडवल्यापासून माझा उजवा गुडघा वाकत नाही. कुबडी घेऊन घरात आणि डांबरी रस्त्यावर चालता येतं, पण आमच्या आंजीच्या काळ्या मातीत कुबडी अशी रुतते की ती काढताना माणूसच पडतो. बोरच्या जंगलाकडे एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथली पर्यटकांना फिरवायची एटीव्ही मी उचलून आणली. चार जाड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल. गावाने तिचं नाव खेकडा ठेवलं. हसू दे. त्या खेकड्यावर बसून मी अपघातानंतर पहिल्यांदा माझ्या शेताच्या शेवटच्या धुऱ्यापर्यंत, पार टोकाच्या बांधापर्यंत, गेलो आणि तिथे बसून मनसोक्त रडलो.

मग एका गॅरेजवाल्याने इंजिनाचा बोल्ट बसवताना घात केला. बोल्ट तिरपा लागला होता, म्हणून पठ्ठ्याने पान्ह्याला लांब पाइप लावला आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ घातलं. फ्रेममधली चुडी पार साफ झाली. इंजिन धरायला त्या बाजूला काही उरलं नाही. वर्ध्यात एक म्हणाला, वेल्डिंग मारून बोल्ट कायमचा चिकटवा. दुसरा म्हणाला, फ्रेमच बदला, पण ती आता मिळत नाही. आमच्या दादाला आयतंच फावलं. तो वाईट माणूस नाही, माझ्या काळजीनेच बोलत होता, पण त्या काळजीचा मला वीट आला होता. "पाडव्याले शेत मक्त्यानं देऊन टाकू," तो म्हणाला. "तू आपला छपरीत खुर्ची टाकून बस. मानूस येईन, हिशेब देऊन जाईन." मी चाळिशीही ओलांडली नव्हती. पाडवा तोंडावर आला होता.

छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोत खेकडा टाकून मी पुलगाव गाठलं. काकूंनी भोकात करंगळी घालून फिरवली, डोळे मिटून. मग विचारलं, "कोनं केलं?" मी गॅरेजवाल्याचं नाव सांगितलं. त्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि म्हणाल्या, "ठेवून जा." मी म्हणालो, सगळे भंगारात द्या म्हणतात. काकूंनी माझ्या कुबडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुलेई म्हनत असतीन," त्या म्हणाल्या. "मंग? आयकून राह्यला काय त्याईचं?"

मी ठेवून गेलो नाही, तिथेच बसून राहिलो. त्यांनी ते भोक मोठं पाडलं आणि त्याला आतून नवी चुडी पाडायला घेतली. टॅप, म्हणजे चुडी पाडायचं हत्यार, अर्धा फेरा पुढे फिरवायचा, थोडा मागे घ्यायचा, की लोखंडाचा कीस तुटतो. सारखा पुढेच रेटला तर टॅप आतच मोडतो. मग लेथवर एक बुश, म्हणजे आखूड पोकळ नळी, बनवला, बाहेरूनही चुडी आणि आतूनही चुडी, आणि तो त्या भोकात बसवून पक्का केला. शेवटी बोल्ट माझ्या हातात दिला. मी तो टेकवून पिळायला लागलो तशी मनगटावर चापट बसली.

"पयले उलटा फिरव."

मला वाटलं त्यांची जीभ घसरली. "उलटा, म्या सांगतलं ना. बोटानं. पान्ह्याले हात नको लावू."

मी उलटा फिरवला. फिरवता फिरवता बोल्ट किंचित खाली बसला आणि टक् असा बारीक आवाज आला. चुडीचं तोंड चुडीला सापडलं होतं. "आता सुलटा," काकू म्हणाल्या. बोल्ट नुसत्या बोटांनी सरसर आत गेला. "सरळ घुसाले जाते थे तिरपं जाते, बाबू. पयले उलटं फिराव लागते, मंग जागा सापडते. मी तं जलमभर तेच केलं. लोक म्हनत, बाई उलट्या खोपडीची हाय."

खेकडा घेऊन घरी आलो आणि दादाच्या समोर अंगणात दोन चकरा मारल्या. पाडव्याला मक्ता झाला नाही. त्या वर्षी कपाशी मीच पेरली, आणि त्यानंतर दरवर्षी. दादा आजही खेकडा दिसला की तोंड फिरवतो, पण धुऱ्यावर माझ्यासाठी डबा तोच पाठवतो.

नंतर काम असो नसो, पुलगावला गेलो की मी दुकानात डोकावत असे. एका खेपेला लेथवर काकूंच्या शेजारी त्यांची मुलगी सुमन उभी दिसली. तिचं लग्न आर्वीला झालं होतं. ती परत का आली हे काकूंनी तिला विचारलं नाही आणि आम्हाला सांगितलं नाही. दिराने मात्र विचारलं, चारचौघांत, की ही आता इथे किती दिवस राहणार. "लेथ किती दिवस राह्यते?" काकूंनी उलट विचारलं. सुमनच्याही मनगटावर काही नव्हतं.

काकू गेल्याचं सुमननेच फोनवर कळवलं. वर्धा नदीच्या काठची ती वाळू मला ठाऊक होती. कुबडीने तिथे जाणं शक्य नव्हतं. मी खेकडा छोट्या हत्तीत टाकला, घाटाशी उतरवला आणि त्याच्यावर बसून सरळ चितेपर्यंत गेलो. कुणीतरी म्हणालं, "मसनात गाडी आनते काय?" मी म्हणालो, "हे काकूंचंच काम हाय. हिलेई येऊ द्या." मला आवाज चढवायचा नव्हता, पण चढला.

पुढची कुरबूर मडक्यावरून झाली. दिराचं म्हणणं, पुतण्या मडकं धरेल, पोरीने बाजूला थांबावं, रीत नाही. सुमन रडत नव्हती. "काऊन?" तिने एवढंच विचारलं. मग तिनेच वाकून पाण्याचं मडकं उचललं आणि खांद्यावर घेतलं.

चितेभोवतीच्या या फेऱ्या उलट्या असतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण कधी ध्यानात घेतलं नव्हतं. सुमन उलटी फिरत होती. मागून एक जण फेरीगणिक दगडाने मडक्याला भोक पाडत होता. टक्. पाण्याची धार वाळूत पडत होती. टक्. त्या आवाजानंतर बोटांनी सुलटं फिरायचं असतं, हे त्या सगळ्या गर्दीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

तिने मडकं पाठीमागे टाकलं. "मागं पाहू नको," दीर ओरडला. सुमन वळली, आईकडे नीट डोळे भरून पाहिलं आणि अग्नी दिला. लोक पांगायला लागले तसा मी खेकडा सुरू केला आणि हळूहळू निघालो. तर ती पदराने तोंड पुसत माझ्यामागे वाळूतून आली आणि हात करून मला थांबवलं. मला वाटलं, आता रडेल. तिने मान कलती करून इंजिनाकडे कान लावला.

"भाऊ, डाव्या अंगचा बोल्ट वाजून राह्यला," ती म्हणाली. "तेरवी झाली की दुकान खोलतो. घेऊन येजो."