देखरेख शुल्क

दुकान उघडल्याचा दुसराच दिवस होता. सकाळचे अकरा वाजले असतील. मी काउंटरवर अबोलीचा गजरा ठेवला, उदबत्ती लावली आणि फोन वाजला.

"आक्का, चहा झाला न्हवं? गजरा तेवढा काढून ठेवा की. कंपनीच्या नियमात फुलं बसत न्हाईत."

मी दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. रस्त्यापलीकडचं टायरवाल्याचं दुकानही बंद होतं. मग मान वर केली. कोपऱ्यात तो काळा कॅमेरा होता, जो चोरांसाठी लावलाय असं मी समजत होते. मी त्याच्याकडे बघून उगाचच हसले आणि गजरा पिशवीत टाकला.

आवाज ओळखीचा होता. आम्ही इथवर आलो ते त्या आवाजामुळेच. आमचे हे बेळगावात कॅम्पातल्या एका कार्यालयात कारकून होते. जन्मभर दुसऱ्यांची बिलं लाल शाईनं तपासली आणि स्वतःच्या करारावर सही करायच्या दिवशी चष्मा घरी विसरले. निवृत्तीचे पैसे हातात होते. निपाणी माझं माहेर, तिथं हायवेच्या कडेला गाळा मिळाला. बर्गर आणि तळलेलं चिकन विकायची एक कंपनी आपलं नाव द्यायला तयार होती. बंगळूरचे साहेब आले, इंग्रजीत भरभर बोलले, आम्ही माना हलवल्या. ते गेल्यावर मात्र आम्हा दोघांनाही झोप लागेना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्यालयातून या आवाजवाल्याचा फोन आला. "काय आक्का, जेवलासा काय? मी हाय न्हवं, काय बी काळजी करू नगासा."

संपलं. आम्ही सीमेवरची माणसं. कचेरीत कन्नड, बँकेत इंग्रजी, आणि आपल्या बोलीत बोलेल तो आपला, ही आमची जुनी खोड. त्या एका 'जेवलासा काय' वर आम्ही सही केली.

प्रवेशाची फी परत मिळत नाही, हे कळलं होतं. अनामत पाच वर्षांनी मिळते आणि मध्येच सोडलं तर बुडते, तेही कळलं होतं. एवढ्यापुरते आम्ही शहाणे होतो. रॉयल्टीच्या, म्हणजे कंपनीच्या वाट्याच्या ओळीवर मात्र घसरलो. माझ्या माहेरी तंबाखूचा धंदा. तिथं वाटा म्हणजे सगळा खर्च जाऊन उरेल त्यातला वाटा. इथला वाटा गल्ल्यातला होता. भाडं, वीज, पगार सगळं आमच्या डोक्यावर, पण शंभराचा बर्गर विकला की त्या शंभरावरचे टक्के आधी त्यांचे. जाहिरातीचे वेगळे, बिलाच्या सॉफ्टवेअरचे वेगळे. पाव, चिकन, बटाटा, चटणी त्यांच्याच गाडीतून, त्यांच्याच भावानं. निपाणीच्या बाजारात बटाटा मातीमोल झाला तरी आमच्या बटाट्याचा भाव जागचा हलत नसे. पहिल्या महिन्यात विक्री जोरात झाली आणि आम्ही तोट्यात गेलो. मी तीनदा बेरीज केली. ह्यांनी एकदाच केली आणि वही मिटली.

मी त्याला विचारलं तर तो म्हणाला, "आक्का, विक्री वाढवा की." वर हसला. फार गोड हसायचा.

दुपारी गिऱ्हाईक नसे. ट्रक गेले की काचा थरथरायच्या, तेवढीच हालचाल. मी जरा खुर्चीवर टेकले की फोन. "आक्का, बसू नगासा, रिकामं दुकान बरं दिसत न्हाय." एकदा मी एक करपलेला तुकडा कागदात गुंडाळून टाकला. "एक तुकडा कमी लागतोय," तो म्हणाला, रागावून नाही, आईनं पोराला विचारावं तसं. मी कचऱ्याच्या डब्यातून तो काढून कॅमेऱ्यापुढं धरला. आजही ते आठवलं की स्वतःची चीड येते.

हळूहळू आम्ही दुकानात कुजबुजत बोलायला लागलो. मग घरीही. रात्रीच्या भाकऱ्या थापताना मी पीठ तोलून घेते आहे, हे ह्यांनीच दाखवून दिलं. देवापुढं फूल ठेवताना माझा हात अडकायचा. मी त्याला एकदा विचारलं, "तू मूळचा कुठला रं?"

"तुमच्याच भागातला की."

"गाव कुठलं?"

"आक्का, रोज जवळनं तर जातासा."

त्यानंतर मी रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाचा आवाज ऐकू लागले. कडोलीला एका लग्नाच्या पंगतीत पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "जेवलासा काय?" आणि माझ्या हातातला घास खाली पडला. वळून बघितलं तर एक म्हातारे अण्णा वरणाची बादली घेऊन उभे होते. बिचारे घाबरलेच माझा चेहरा बघून.

वर्ष संपताना कंपनीनं कपातीचा सविस्तर तक्ता पाठवला. ह्यांनी या वेळी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. 'देखरेख शुल्क, दरमहा.' हे काय म्हणून बंगळूरला विचारलं, तर उत्तर आलं, फोनवरून मार्गदर्शन करणाऱ्या प्रतिनिधीचं. ज्याला मी घरचा समजले, ज्याला भिऊन मी खुर्चीवर बसत नव्हते, त्याचे पैसे मीच भरत होते. मी खूप रडले, आणि तेही मोरीत, दार लावून. मोरीत कॅमेरा नाही हे ठाऊक होतं, तरी नळ सोडला होता.

"बंद करूया," मी ह्यांना म्हणाले.

"अगं, अनामत जाईल. चार वर्षं राहिल्यात." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. खानापूरकडचं एक जोडपं दुकान बघायला येणार होतं, त्यांना आपल्या गावात असंच काढायचं होतं. "लई चांगलं चाललंय म्हणून सांगा, आक्का. त्यांनी सही केली की तुमची सहा महिन्यांची रॉयल्टी माफ." सहा महिने आम्हाला श्वास घेता आला असता. ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी हो म्हणाले.

जोडपं आलं तेव्हा सकाळचं स्वच्छ ऊन होतं. तो शेत सांभाळून शहरात नोकरी करणारा, तिशीतला. ती हसऱ्या तोंडाची. तिच्या गळ्यात काळी पोत होती आणि कानात साधे खडे. सोनं मोडलेलं बाईला लगेच कळतं. तिनं टेबलावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती नीटनेटकं हाय सगळं!"

"लई चांगलं चाललंय," मी कॅमेऱ्याखाली उभी राहून म्हणाले. ह्यांनी मान खाली घातली.

पण त्यांना सावध करायचं, हे मी ठरवलं होतं. त्या कॅमेऱ्याला सगळं ऐकू जातं, दिसतं, फक्त मागच्या दाराबाहेरच्या नळापर्यंत तेवढा तो पोचत नाही. आणि सवाष्ण पहिल्यांदा आली तर तिला कुंकू लावल्याशिवाय कोणी पाठवत नाही, त्यात कुणाला वावगं दिसणार नव्हतं. "ये गं, कुंकू लावते," म्हणून मी करंडा घेऊन तिला मागं नेलं. पुरुष दोघं आतच बसले.

नळाजवळ मी तिचा हात घट्ट धरला. "बाई, सही करू नगंस. वाटा नफ्यातला न्हाय, गल्ल्यातला हाय. आम्ही बुडालोय. त्या फोनवरच्या अण्णाचं गोड बोलणं ऐकू नगंस."

ती दचकली नाही. उलट माझी कीव आल्यासारखी बघत राहिली.

"आक्का, त्या अण्णांनीच सांगितलंतं आमास्नी. आक्का कुंकू लावायला म्हणून मागच्या दारात नेतील आन् सही करू नगंस म्हणतील. जवळपास दुसरं दुकान नको असतंय म्हणून. सगळ्याच आक्का असं सांगत्यात म्हणं." मग समजूत घातल्यासारखं म्हणाली, "उद्या सही हाय आमची. तुम्ही वाईट वाटून घेऊ नगासा."

तिनं कपाळ पुढं केलं. माझं बोट करंड्यातच राहिलं होतं.

"कधी सांगितलं त्यांनी?" मी विचारलं.

"परवा."

कुंकवाची ही युक्ती मला त्याच सकाळी चहा गाळताना सुचली होती, आणि मी ती ह्यांनासुद्धा सांगितली नव्हती.