काय समजलं ते सांगा

टॉवरमध्ये तिला सगळे ‘हेडबाई’ म्हणत, अर्थात पाठीमागे. दिलेली सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवल्याशिवाय ती विमान जागचं हलू देत नसे. कोणी नुसतं ‘समजलं’ म्हटलं की हिचं ठरलेलं, “काय समजलं ते सांगा.” एकोणीस वर्षांच्या नोकरीत तिचं एक मत पक्कं झालं होतं: खांद्यावर चार पट्ट्या चढल्या की माणसाची जीभ जड होते.

अशाच एका चारपट्टीवाल्या कॅप्टनने तक्रार केली, की बाईंचा सूर उद्धट आहे. साहेबांनी तिला बोलावून घेतलं.

“अहो, मोठी माणसं आहेत ती. जरा गोडीनं घ्या.”

“गोडीनं घ्यायला मी काय अंगाई गातेय, साहेब?”

साहेब हसले नाहीत. विनोद कळायला त्यांना लेखी अर्ज लागे.

आठवड्याने, ऐन सकाळच्या गर्दीत, तोच कॅप्टन धावपट्टीच्या तोंडाशी आला. उतरणारं विमान जेमतेम मिनिटभरावर होतं.

“धावपट्टी सत्तावीसच्या आधी थांबा. विमान उतरतंय.”

“ओके.”

“परत म्हणा.”

“समजलं म्हटलं ना, बाई!”

साहेब नेमके पाहणीला येऊन मागे उभे होते. त्यांनी घसा खाकरला. पुन्हा विचारायला उघडलेलं तोंड तिने मिटलं.

आणि त्या विमानाचं नाक थांबण्याची पिवळी रेघ ओलांडून पुढे सरकलं.

“जागीच थांबा!” तिने कॅप्टनला दरडावलं आणि लगेच उतरणाऱ्या विमानाला सांगितलं, “उतरू नका, वर घ्या!”

“उतरत नाही, वर घेतेय,” तिथल्या तरुण वैमानिकेने विमानाच्या क्रमांकासकट चोख म्हणून दाखवलं. विमान गरजत कॅप्टनच्या डोक्यावरून निघून गेलं.

“मला वाटलं, पुढे या म्हणालात,” कॅप्टन पुटपुटला.

शेजारच्या सहकाऱ्याकडे खुर्ची सोपवून ती जिन्यात जाऊन बसली. कॅप्टनला काय बोलायचं, दगडावर डोकं आपटून फुटतं ते आपलंच. चीड आली ती स्वतःची. साहेबाच्या एका खाकरण्याला भ्यायली होती ती!

चौकशीत कॅप्टन छाती काढून म्हणाला, “मी थांबतो असंच सांगितलं होतं.” मग टॉवरमधल्या संभाषणाची टेप लावली. त्यात थांबण्याचा ‘थ’सुद्धा नव्हता.

“मी पुन्हा विचारायला हवं होतं,” ती स्वतःहून म्हणाली. “नाही विचारलं. का, ते साहेबांना विचारा.”

साहेबांना कोणी विचारलं नाही. कॅप्टनला सहा महिने उड्डाण बंद करून जमिनीवर बसवलं, हिच्या नावावर शेरा बसला आणि साहेब ‘स्पष्ट संवाद समिती’चे अध्यक्ष झाले. पहिल्या बैठकीत त्यांनी दीड तास भाषण केलं. काय म्हणाले, ते बाहेर पडताना कोणालाच सांगता येईना.