रंगनाथची अर्जेंटिना

माझ्या डोक्यावर कापण्यासारखं आता फारसं काही उरलेलं नाही. कानांच्या वर थोडी झालर आहे, तेवढीच. तरी दर रविवारी मी पंचवटीतल्या रंगनाथच्या सलूनमध्ये जाऊन बसतो. बायको विचारते, दाढी घरी होते, पेपर घरी येतो, मग तिथे काय ठेवलंय? तिथे रंगनाथ ठेवलाय, हे काही केल्या तिला पटत नाही.

रंगनाथ म्हणजे उंच, जरासा वाकलेला, पन्नाशीला टेकलेला माणूस. तो बोलायला लागला की त्याची कात्री थांबते, आणि तो सारखा बोलतो. त्यामुळे त्याच्याकडे केस कापायला गेलेला माणूस जेवायच्या वेळेला घरी पोचेलच असं नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच येतं. दुकान त्याच्या वडिलांनी, अण्णांनी टाकलेलं. त्याआधी अण्णा रामकुंडावर बसत. आईबाप गेल्यावर दशक्रियेला लोक तिथे येतात, मुलगे डोक्याचे केस काढतात. अण्णांचं अर्धं आयुष्य त्या घाटावर, रडणाऱ्या माणसांची डोकी सांभाळण्यात गेलं. मग त्यांनी दुकान घेतलं आणि दोन मुलांसाठी दोन खुर्च्या मांडल्या.

डावीकडची खुर्ची रंगनाथची, उजवीकडची धाकट्या दीपकची. दीपक त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, हाताला चपळ, कॉलेजची पोरं सगळी त्याच्याकडे. दोन खुर्च्यांमध्ये अंतर चार हातांचं, आणि दोघा भावांचा एकमेकांशी अबोला.

"सर, त्यांना सांगा, ब्लेडं संपलीत," रंगनाथ माझ्या गालाला साबण लावत म्हणायचा.

"दीपक, ब्लेडं संपलीत," मी म्हणायचो. दीपकने ते आधीच ऐकलेलं असायचं.

"त्यांना सांगा सर, आणलीत. ड्रॉवरमधी हायेत."

मी शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर आपल्याला टपाल खात्यात नोकरी लागेल असं वाटलं नव्हतं.

हा अबोला कसा धरला ते सांगतो, कारण तसं भांडण फक्त याच घरात होऊ शकतं. अण्णा गेले. दशक्रियेला सगळे रामकुंडावर जमले, मीही होतो. रंगनाथने डोकं पुढे केलं, चुलतभावांनी केली, आणि दीपक मात्र बाजूला उभा राहिला. म्हणाला, मी केस काढणार नाही. का, ते सांगेना. रंगनाथचा तोल गेला. "साऱ्या दुनियेच्या पोरांनी आपल्या अण्णांच्या हातानं डोकी केली," तो भरल्या घाटावर ओरडला, "आणि ह्याला बापापेक्षा केसांचा भांग प्यारा." दीपक खाली मान घालून उभा होता.

कारण पुढे दोन महिन्यांनी कळलं. दीपकची बायको उज्वला पोटुशी होती, लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर आणि दोनदा निराशा होऊन. बायको गरोदर असली की नवऱ्याने केसांना वस्तरा लावायचा नाही, अशी त्यांच्याकडे रीत. आणि तीन महिने भरेपर्यंत ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, ही दुसरी रीत. कळवणच्या तिच्या माहेरच्यांनी दीपककडून तसा शब्दच घेतला होता. बापासाठी केस द्यावेत तर बाळाची भीती, आणि गप्प राहावं तर सगळ्यांच्या नजरेत नालायक. बिचारा दोन रीतींच्या मध्ये सापडला आणि त्याने बाळाची बाजू धरली. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

कळल्यावर रंगनाथने एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याला जमलं नाही. सगळ्या गावाशी अखंड बोलणारा हा माणूस भावासमोर तोंडात गुळणी धरल्यासारखा गप्प राहिला. रंगनाथची बायको मैना आणि उज्वला एकमेकींकडे जात-येत राहिल्या, पापड एकत्र लाटत राहिल्या. मुलगी झाली, वैष्णवी. जावळ काढायची वेळ आली तेव्हा दीपकने तिला उज्वलाच्या भावाच्या मांडीवर, रंगनाथच्याच खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाला, "सर, त्यांना सांगा, जावळ काढायचंय." रंगनाथने इतक्या हलक्या हाताने ते जावळ काढलं की पोरगी रडली नाही. तो मात्र शर्टाच्या बाहीला डोळे पुसत होता. तेव्हाही बोलला नाही. मला त्या दिवशी त्याचा खरोखर संताप आला होता.

आता फुटबॉल. मला त्यातलं एवढंच कळतं की इतके लोक इतका वेळ पळतात आणि गोल मात्र एखादाच होतो. पण हे दोघं भाऊ त्यात लहानपणापासून बुडालेले. रंगनाथने शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मॅराडोनाला कप उचलताना पाहिलं आणि तो जन्माचा अर्जेंटिनाचा झाला. दीपकने शाळेत असताना फ्रान्सला जिंकताना पाहिलं, तो फ्रान्सचा. अबोल्याला वर्ष व्हायच्या आत वर्ल्डकप आला. एका सकाळी रंगनाथ स्वतःशीच म्हणाला, "यंदा आपलाच कप." आणि दीपक माझ्यामार्फत न सांगता थेट म्हणाला, "जर्मनी सोडती व्हय तुम्हाला?" दुकानातले सगळे आरशात बघायला लागले. रंगनाथने उत्तर दिलं, दीपकने प्रत्युत्तर दिलं, आणि महिनाभर ते तावातावाने भांडले. फक्त फुटबॉल, दुसरा विषय नाही. फायनल झाली, जर्मनी जिंकली, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा "सर, त्यांना सांगा."

पुढच्या वर्ल्डकपला तेच. असं दर चार वर्षांनी महिनाभर या घरात बोलणं उगवायचं आणि फायनलबरोबर मावळायचं.

म्हणून यंदाच्या डिसेंबरात, म्हणजे दोन हजार बावीसच्या, अर्जेंटिना आणि फ्रान्स फायनलला समोरासमोर आले तेव्हा पंचवटीतले लोक खूश झाले आणि मी धास्तावलो. कारण मैनाने मला सांगितलं होतं की दीपक जानेवारीत शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाथर्डी फाट्याला स्वतःचं दुकान टाकतोय. रंगनाथलाही ते तिच्याकडूनच कळलं होतं. म्हणजे पुढच्या वर्ल्डकपला इथे एकच खुर्ची असणार. भाऊ भावाशी बोलायचा तर या फायनलच्या आत बोलायला हवा होता, नाहीतर ते राहूनच जाणार होतं.

फायनल रविवारी रात्री. सकाळी दुकान खच्चून भरलेलं, बाहेर थंडी, आत स्वेटरं आणि मफलरं. मी रंगनाथच्या खुर्चीत. दीपकच्या खुर्चीत द्राक्षांच्या बागांना औषधं पुरवणारा धनराज.

"सौदी अरेबियाकडून हरलेली टीम ती," दीपकने सुरुवात केली. "फायनलला आली हेच लय झालं."

"पहिल्याच मॅचला ठेच लागली, मग सावध झाली," रंगनाथ म्हणाला. माझ्या अर्ध्या गालावर साबण वाळत होता. "तुमचं फ्रान्स ट्युनिशियाकडून हरलं, ते नाय आठवत?"

"तेव्हा आम्ही पुढं गेलो होतो आधीच. राखीव पोरं खेळवली होती."

"हरायला बी राखीव पोरं. लय शहाणे."

"मागच्या वेळी चार गोल मारले होते तुम्हाला, भाऊ. तवा राखीव नव्हते."

"तीन आम्ही पण मारले होते."

"म्हणजे हरलाच ना."

दुकान हसलं, रंगनाथही हसला. मग वस्तरा हवेत धरून म्हणाला, "दीपक, तुझ्या टीमकडं पाय हायेत. पळत्यात, मला मान्य. पण मेसीचा हा शेवटचा. शेवटच्याला माणूस येगळा खेळतो." तो बोलला आणि एकदम थांबला. दीपकनेही आरशातून नजर काढून घेतली. मला वाटलं, आता बोलेल.

तेवढ्यात बाकावर बसलेल्या आयुषने घोळ घातला. तो इंजिनिअरिंगचा मुलगा, नव्याने इथे राहायला आलेला, त्याला आगापिछा काही माहीत नाही. "नुसतं भांडताय काय काका," तो म्हणाला, "पैज लावा. हरेल त्याचं टक्कल. दुसऱ्याने करायचं."

धनराज मोबाइलमध्ये बघायला लागला. आयुषला आपण काय बोललो ते कळेना, तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मी रंगनाथला उडवून लावायची खूण करणार, तोच दीपक म्हणाला, "चालेल." त्याचा आवाज कोरडा होता.

रंगनाथने बराच वेळ माझी दाढी केली. मग म्हणाला, "ठीक. उद्या दुकान बंदच हाय. सर, साक्षीदार म्हणून तुम्ही या."

मी घरी आलो तो चिडूनच. नऊ वर्षांपूर्वी भरल्या घाटावर जे मागितलं ते हा माणूस आता पैजेत वसूल करणार होता की काय? अर्जेंटिना जिंकली आणि याने दीपकच्या डोक्याला वस्तरा लावला, तर दीपक पाथर्डी फाट्याला जाईल तो कायमचाच, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्या रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा अख्खी फुटबॉल मॅच पाहिली आणि सत्तरीच्या घरात फ्रान्सचा भक्त झालो. अर्जेंटिनाचे दोन गोल झाले तेव्हा मी जेवण सोडलं. फ्रान्सने घाईघाईने दोन फेडले तेव्हा मी ओरडलो, आणि बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तीन-तीन झाले. मग त्या पेनल्ट्या, आणि फ्रान्स हरलं. रंगनाथ ज्या कपासाठी शाळकरी वयापासून थांबला होता तो त्याला मिळाला, आणि मला त्याच्यासाठी जराही आनंद झाला नाही.

सोमवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेलो. दीपक आधीच रंगनाथच्या खुर्चीत बसला होता, हात मांडीवर, नजर समोर. रंगनाथने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, पाणी मारून केस ओले केले. वस्तऱ्यात नवं ब्लेड घातलं. मी बाकावर बसलो आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"अभिनंदन, भाऊ," दीपक म्हणाला. "करा."

रंगनाथ वस्तरा धरून त्याच्या मागे उभा राहिला. मग वस्तरा मिटला, टेबलावर ठेवला आणि कात्री-कंगवा घेतला.

"पैज हाय," दीपक म्हणाला. "दोन दिवसांनी बोलाल, ह्यानं परत केस दिलं नाय म्हणून."

"टक्कल बापासाठी करत्यात," रंगनाथ म्हणाला. "फ्रान्ससाठी नाय."

त्याने केस कापायला सुरुवात केली. मग रंगनाथ बोलायला लागला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा बोलताना त्याची कात्री थांबली नाही.

"घाटावर मी बोललो ते चुकलो. लोकांसमोर बोललो ते जास्त चुकलो. वैष्णवी पोटात होती, तू काय करणार होता?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"इचारलं पण नाय मी. तुझं तोंड बघूनच इचारायला पाहिजे होतं. आणि कळल्यावर तुझ्याकडं यायला पाहिजे होतं. रोज सकाळी वाटायचं, आज बोलू. मग सरांना सांगायचो ब्लेडं संपलीत."

दीपकचे खांदे हलत होते. कापडाखालून हात काढून त्याने तोंड पुसलं, तर कापलेले केस गालाला चिकटले. "अण्णांसाठी मला पण करायचं होतं, भाऊ," तो म्हणाला. "लय करायचं होतं. अजून सपनात येतं."

रंगनाथने ब्रशने त्याचे गाल साफ केले. माझे डोळे भरले होते आणि साक्षीदाराने काय करायचं असतं ते मला सुचत नव्हतं.

"जानेवारीत जातो म्हणं," थोड्या वेळाने रंगनाथ म्हणाला.

"हा. गाळा घेतलाय. आता मागं फिरता नाय येणार."

"फिरू बी नको. किती खुर्च्या?"

"दोन."

"दुसरीवर कोण ठेवणार?"

दीपकने आरशात भावाकडे पाहिलं. "सोमवारी इथं सुट्टी असती," तो म्हणाला. "तिकडं मी सोमवारी उघडं ठेवणार हाय."

रंगनाथने धाकट्या भावाचं डोकं हलकेच पुढे वाकवलं आणि मानेवरचे बारीक केस काढायला घेतले. मग म्हणाला, "पाथर्डी फाट्याला बस कुठून मिळती रे?"