चार ग्रहांचा आंबा

काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळ राहणारे आमचे विश्वेश्वरकाका नवग्रहशांतीसाठी प्रसिद्ध. नऊ ग्रहांना नऊ वेगळ्या समिधा, हा त्यांचा कडक नियम. खैर, पळस, शमी, रुई ते नावेने रामनगरला जाऊन स्वतः तोडून आणत. पुढे तिकडची झुडपं गेली, प्लॉट पडले. काकांनी नियम मोडला नाही. बाजारातून नऊ पुड्या आणू लागले. त्यातल्या चारांवर नावं जुनीच, आत मात्र आंब्याच्या काटक्या. ग्रहांची तक्रार आली नाही.

तक्रार केली ती सावंतवाडीकडच्या धुरींनी. डोंगरावरचा त्यांचा झरा आटला होता, म्हणून ते सहकुटुंब शांतीला आलेले. मंगळाची समिधा हातात घेऊन त्यांनी हुंगली.

"गुरुजी, हा खैर नव्हे. आंबा आहे!"

सगळ्यांसमोर काकांचे कान लाल झाले. "अहो, खैर राहिलाच कुठे इकडे?"

"म्हणून एका झाडाच्या जागी कुठलंही चालतं काय?"

काकांनी हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाले, "झऱ्याच्या वर काय होतं तुमच्याकडे?"

"जंगल. बारमाही हिरवं. किंजळ, नाणा, जांभूळ, बेहडा... झाडं कोण मोजतंय?"

"आणि आता?"

"रबर लावलंय आम्ही."

"नुसतं रबर?"

धुरींनी आंब्याचीच आहुती टाकली.

झऱ्याला अजून पाणी नाही. धुरी गावभर सांगतात, काशीच्या गुरुजींनी खैराऐवजी आंबा जाळला, त्याचं हे फळ.