नळीतली वाळू

केस काळे होते तेव्हापासून मावशी कारखान्यात उच्च दाबाच्या फ्यूजच्या नळीत वाळू ठासून भरत आल्या होत्या. विजेचा लोंढा आला की आतली तार वितळून जाळ उठतो. वाळू त्या जाळाला गिळून विझवते. भरण सैल राहिलं, तर जाळ विझत नाही.

कुठेतरी ट्रान्सफॉर्मर जळाला आणि बोट मावशींकडे वळलं. साहेबांनी तिथून परत आलेली फ्यूजची नळी फोडली. आतली वाळू वितळून दगडासारखी घट्ट झाली होती.

“जाळ आतच विझलाय, मावशी. नोकरी वाचली तुमची! हसा की जरा.”

मावशींनी दुखरा खांदा चोळला. ‘कामावरून काढलं तर बरंच, निजून तरी राहीन,’ असं त्या सकाळीच सुनेला म्हणाल्या होत्या.

“हसते हो,” त्या म्हणाल्या. “द्या पुढची नळी.”